घरगुती कांचेच्या टाकींतील टेट्रा मासे : त्यांचें आरोग्य व रंग

ज्या जिल्ह्यांत वैशाखमासीं पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागते, तेथें शोभेचे मासे पाळण्याची गोष्ट काढणें कित्येक वाचकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु हल्लीं तालुक्याच्या गांवीं हे मासे सहज विकत मिळतात, शाळेंत जाणारीं मुलें हट्टानें ते घरीं आणतात, आणि बहुतेक घरीं ते आठपंधरा दिवसांत मरून जातात. मग "मासा नाजूकच होता" असें म्हणून टाकी माळ्यावर ठेवली जाते. वस्तुतः मासा नाजूक असतो हें अर्धेंच खरें. उरलेलें कारण आपल्या पाण्यांत, आपल्या हातांत व आपल्या घाईंत असतें. तीं कारणें शेतकऱ्यास परकीं नाहींत. खारें पाणी, कच्चें खत व फवारणीचें विष यांनींच पिकाचीही हानि होते. म्हणून हा विषय या मासिकाच्या वाचकांपुढें मांडण्यास संकोच वाटत नाहीं.

पाण्याच्या नासाडीचा आक्षेप आधींच निकालांत काढूं. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा टाकींत सुमारें ५० लिटर पाणी राहतें. दर आठवड्यास त्यांतील १० लिटर बदलावें लागतें. हें काढलेलें पाणी फेकावयाचें नसतें. त्यांत माशांच्या विष्ठेपासून झालेला नायट्रेट असतो, व परसांतील वांगीं, मिरची, कढीपत्ता यांस तें पातळ खतासारखें लागू पडतें. टाकींत मीठ अथवा औषध घातलें असेल त्या आठवड्याचें पाणी मात्र झाडांस घालूं नये.

टेट्रा म्हणजे कोणता मासा

टेट्रा हें एका माशाचें नांव नसून मोठ्या कुळाचें आहे. त्यांतील घरोघर पाळल्या जाणाऱ्या बहुतेक जाती दक्षिण अमेरिकेंतील नद्यांच्या आहेत. आपल्याकडे शेततळ्यांत वाढविला जाणारा रूपचंद मासाही ह्याच गणांतला, टेट्राचा दूरचा भाऊबंदच होय. सर्वांत प्रसिद्ध जो निऑन टेट्रा, तो १९३४ च्या सुमारास ऑगस्त राबो नामक फ्रेंच संग्राहकास पेरू देशाच्या अरण्यांत ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यांत आढळला. १९३६ सालीं जॉर्ज मायर्स या मत्स्यशास्त्रज्ञानें त्याचें शास्त्रीय वर्णन केलें, व मत्स्यपालनाचें मासिक चालविणाऱ्या विल्यम इनेस या संपादकाचें नांव त्यास दिलें. त्याचाच जवळचा नातलग कार्डिनल टेट्रा याचें वर्णन पुढें १९५६ सालीं झालें.

निऑन मासा पुरा वाढला तरी तीनचार सेंटिमीटरांचा. अंगावर निळा चमकता पट्टा व त्याखालीं मागील अर्ध्या भागांत लाल पट्टा. दुसरा काळा विडो टेट्रा; हा पांचसहा सेंटिमीटरांचा, चपटा, रंगानें करडाकाळा व प्रकृतीनें काटक. नवशिक्यानें प्रथम विडो पाळावा, आणि टाकी वर्षभर नीट चालल्यावरच निऑनकडे वळावें. दोन्ही जाती थव्यानें राहणाऱ्या आहेत. एकटा अथवा दुकटा टेट्रा भयानें कोपऱ्यांत दडतो, खात नाहीं व फिका पडतो; म्हणून एका जातीचे निदान सहा मासे एकत्र असावेत. वर सांगितलेल्या मापाच्या टाकींत निऑनसारखे दहाबारा मासे पुरेत, विडो असल्यास सहासात.

पाण्याची जात

माती परीक्षणाच्या पत्रिकेंत "सामू" हा शब्द आपण सर्वांनीं वाचला आहे. सात हा सामू उदासीन. त्याखालीं आम्ल व त्यावर विम्ल. टेट्राच्या मूळ नद्यांचें पाणी पावसाचें, पाल्यापाचोळ्यांतून झिरपलेलें, मृदु व किंचित् आम्ल असतें. आपल्या विहिरींचें पाणी काळ्या पाषाणांतून व चुनखडीच्या थरांतून येतें. तें कठीण व विम्लतेकडे झुकलेलें असतें. सामूचा पराकोटीचा नमुना पाहावयाचा तर दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्याच जिल्ह्यांतील लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास नोंदला गेला आहे. तेथें विशिष्ट सूक्ष्म जीव सुखानें नांदतात, पण गोड्या पाण्याच्या सामान्य माशास तें सोसत नाहीं. पाणी दिसावयास सारखेंच. त्यांत कोण जगेल हें मात्र त्यांत काय विरघळलें आहे त्यावर ठरतें.

घाटाखालील शेगांव, नांदुरा, जळगांव जामोद, संग्रामपूर या बाजूस पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरीचें व विंधणविहिरीचें पाणी टेट्रास मुळींच वापरूं नये. पाणी उकळल्यानें भांड्याच्या तळाशीं पांढरी पुटें धरतात, म्हणजे चुन्याची कांहीं कठिणता जाते. परंतु सोडियमचा खार उकळून जात नाहीं, उलट पाणी आटल्यानें अधिक दाट होतो.

यावर सोपा व फुकट उपाय पावसाचें पाणी हा आहे. पहिल्या दोनतीन सरी पन्हाळीवाटे वाहूं द्याव्या, म्हणजे छतावरील धूळ व पक्ष्यांची घाण निघून जाईल. नंतरचें पाणी स्वच्छ झांकणाच्या पिंपांत धरावें, व डांस होऊं नयेत म्हणून तोंडास कापड बांधावें. निव्वळ पावसाच्या पाण्यांत आवश्यक ते क्षार फार थोडे असतात व त्याचा सामू एकाएकीं ढळतो. म्हणून तीन भाग पावसाचें व एक भाग गोड्या विहिरीचें असें मिश्रण करावें. उदाहरणार्थ, विहिरीच्या पाण्यांत विरघळलेले क्षार लिटरास ८०० मिलिग्रॅम व पावसाच्या पाण्यांत २० असतील, तर मिश्रणांत सुमारें २१५ होतील. हें टेट्रास मानवतें. हें प्रमाण दाखविणारें टीडीएस नांवाचें लहान यंत्र अल्प किंमतींत मिळतें. घरीं आरओ यंत्र असल्यास त्याचें शुद्ध पाणी पावसाच्या पाण्याऐवजीं ह्याच रीतीनें चालेल.

आतां हिशेब पाहूं. आठवड्यास १० लिटर पाणी बदलावयाचें, त्यांत पावसाचें साडेसात लिटर. पावसाळा संपल्यापासून पुढील पाऊस लागेपर्यंत ३५ आठवडे धरले तर सुमारें २६३ लिटर होतें. उन्हाळ्यांत वाफ होऊन जाणारें पाणी भरून काढण्यास आणखी शंभरेक लिटर ठेवावें. म्हणजे २०० लिटरांचीं दोन पिंपें एका टाकीस पुरतात. वाफ झालेल्या पाण्याच्या जागीं नेहमीं पावसाचेंच पाणी घालावें. कारण वाफेबरोबर क्षार जात नाहींत, ते मागें राहून सांचत जातात.

नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो, व गांवच्या विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकलेली असते. असें पाणी उघड्या घमेल्यांत एक दिवस ठेवून मगच वापरावें. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे थेंब माशांच्या दुकानीं मिळतात. गच्चीवरील अथवा अंगणांतील देशी बदामाचें वाळून आपोआप गळलेलें एखादें पान धुवून टाकींत ठेवल्यास पाण्यास चहासारखा फिका रंग येतो, सामू किंचित् उतरतो व मासे निर्धास्त होतात.

कच्ची टाकी

आज टाकी आणली, आजच भरली व आजच मासे सोडले, ही सर्वांत मोठी घाई होय. ताज्या शेणानें रोप जळतें व मुरलेल्या शेणखतानें वाढतें, हें कोणा शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. टाकीचेंही तसेंच आहे. माशांच्या श्वासांतून व विष्ठेंतून अमोनिया निघतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, तोही विषारी. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचा नायट्रेट करतात. तो थोड्या प्रमाणांत निरुपद्रवी. जमिनींत युरिया टाकल्यावर जी क्रिया घडते तीच ही. हे जिवाणू नव्या टाकींत नसतात. ते वाळूंत व गाळणीच्या स्पंजांत वसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंपर्यंत मासे न सोडतां गाळणी चालू ठेवावी व रोज चिमूटभर खाद्य टाकून तें कुजूं द्यावें. ओळखीच्या घरच्या निरोगी जुन्या टाकींतील स्पंजाचा तुकडा मिळाल्यास ही मुदत पुष्कळ कमी होते.

आपल्या विम्ल पाण्यांत ह्या गोष्टीचें महत्त्व अधिकच आहे. पाण्यांत अमोनिया दोन रूपांनीं राहतो, त्यांतील वायुरूप तेवढें माशास मारतें. २५ अंश सेल्सिअस उष्णतेस सामू सात असतां एकंदर अमोनियापैकीं सुमारें अर्धा टक्काच त्या घातक रूपांत असतो. सामू आठ असतां पांच टक्क्यांवर, व सामू नऊ असतां एकतृतीयांशाहून अधिक. चोपण जमिनीवर उघडा टाकलेला युरिया हवेंत उडून जातो, त्याचें कारणही हेंच. म्हणून ज्या घाणीनें मृदु पाण्यांतील मासा तगतो, त्याच घाणीनें कठीण विम्ल पाण्यांतील मासा मरतो.

गाळणीचा स्पंज नळाखालीं कधींही धुऊं नये; क्लोरीननें जिवाणू मरतात. टाकींतून काढलेल्या पाण्यांतच तो दोनदां हलका पिळावा. टाकी "स्वच्छ" करण्यासाठीं सर्व पाणी ओतून वाळू घासणें म्हणजे मुरलेला उकिरडा उपसून पुन्हां ताजें शेण भरण्यासारखें आहे. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेंच, दिवसांतून एकदां किंवा दोनदां द्यावें. उपाशी मरणाऱ्या माशांपेक्षां अतिखाद्यानें नासलेल्या पाण्यांत मरणारे मासे अधिक.

रंग कशानें चढतो

निऑनचा निळा पट्टा हा रंगद्रव्याचा नव्हे. त्वचेंतील पेशींत अतिसूक्ष्म चकचकीत पापुद्रे असतात, त्यांवरून उजेड परतून निळाई दिसते. रात्रीं हे मासे फिके पडतात व सकाळीं दिवा लावल्यावर थोड्या वेळांत पुन्हां उजळतात. तेव्हां पहांटे फिका मासा पाहून घाबरूं नये. लाल रंगाची गोष्ट निराळी. तो कॅरोटीनॉइड नांवाच्या द्रव्याचा, व हें द्रव्य माशास स्वतःच्या शरीरांत तयार करतां येत नाहीं. तें अन्नांतूनच मिळावें लागतें. हिरवा पाला व किडे टिपणाऱ्या गांवठी कोंबडीच्या अंड्याचा बलक पिवळाधमक असतो, याचें कारण तेंच. जून २०२० मध्यें लोणार सरोवराचें पाणी गुलाबी झालें, तेव्हां पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तपासून सांगितलें कीं, खारट पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या रंगद्रव्यानें तो रंग आला. रोहित पक्ष्याचीं गुलाबी पिसेंही अशाच रंगद्रव्ययुक्त अन्नापासून रंगतात. टेट्राचा लाल पट्टा ह्याच नियमाखालीं येतो.

म्हणून एकच सुकें खाद्य वर्षभर देऊं नये. चांगल्या प्रतीच्या बारीक खाद्याबरोबर आठवड्यांतून दोनदां डॅफ्निया, आर्टेमिया अथवा डांसाच्या अळ्या द्याव्या. अळ्या स्वच्छ पाण्यांतील असाव्या, गटारांतील नव्हेत. आणि त्यांसाठीं मुद्दाम पाणी सांचवून शेजाऱ्यांस डांसांचा ताप देऊं नये. झेंडूच्या फुलांतील रंगद्रव्य कोंबड्यांच्या व माशांच्या खाद्यांत वापरतात हें खरें, परंतु शेतांतील फुलें फवारलेलीं असल्यानें त्यांच्या पाकळ्या टाकींत टाकूं नयेत.

तळही रंगास कारण होतो. पांढऱ्या तळावर मासा आपला रंग आंखडतो, काळ्यावर तो खुलवितो. आपल्याकडील काळ्या पाषाणाची बारीक खडी धुवून वापरल्यास उत्तम. मात्र तींत चुनखडी मिसळलेली नसावी. खडीवर लिंबू पिळून पाहावें. फेस आला तर ती पाण्याची कठिणता वाढवील, म्हणून टाकावी. टाकीच्या मागील बाजूस काळा कागद लावावा, पाणवनस्पती लावाव्या, दिवा रोज आठ तास पुरे, व टाकीवर थेट ऊन्ह पडूं देऊं नये.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. बाजारांत गुलाबी, हिरवे, निळे असे "रंगीत" टेट्रा मिळतात. त्यांतील पुष्कळ म्हणजे पांढऱ्या विडो टेट्रास रंग टोंचून अथवा रंगाच्या द्रावणांत बुडवून केलेले असतात. कांहीं महिन्यांत तो रंग उडतो, व जखमांमुळें मासा रोगास बळी पडतो. दिव्याखालीं चकाकणारे दुसरे मासे परजीवांचीं जनुकें घालून निर्माण केलेले असतात. अशा जीवांच्या आयातीस व विक्रीस आपल्या देशांत १९८९ च्या नियमांनुसार सरकारची पूर्वपरवानगी लागते. जो रंग जातिवंत आहे व खाद्यानें टिकतो, त्याचीच खरेदी करावी.

उन्हाळा, थंडी व वीज

टेट्रास २२ ते २६ अंश उष्णता मानवते. घाटाखालीं ज्येष्ठाच्या आधींच पारा चव्वेचाळीसच्या वर जातो. पाणी तापलें कीं त्यांतील प्राणवायु घटतो. २५ अंशांस लिटरभर पाण्यांत सुमारें सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, ३५ अंशांस सुमारें सात. आणि त्याच वेळीं माशाची गरज मात्र वाढते. म्हणून टाकी मातीच्या भिंतीच्या, उत्तरेकडील खोलींत, जमिनीपासून फार उंच नसेल अशी ठेवावी. झांकण काढून जाळी घालावी व लहान पंख्याचा वारा पाण्याच्या पृष्ठावर सोडावा; माठांतील पाणी थंड होतें त्याच न्यायानें टाकी दोनतीन अंशांनीं उतरते. त्या दिवसांत खाद्य निम्में करावें. ज्यांच्या घरीं अशी थंड खोली नाहीं, त्यांनीं निऑनचा मोह सोडून भारतांतलेच रोझी बार्ब अथवा झेब्रा मासे पाळावे, ही स्पष्ट सूचना. घाटावर उलट थंडीची काळजी. पौष-माघांत ५० वॅटचा आपोआप बंद होणारा तापक ५० लिटरांस पुरतो.

वीज गेली असतां तासातासानें तांब्याभर पाणी काढून हातभर उंचीवरून धार धरून परत ओतावें. पुष्कळ तास वीज नसेल तर त्या दिवशीं खाद्य देऊं नये.

फवारणीचें विष

शेतकऱ्याच्या घरांतील टाकीस शहरी टाकीपेक्षां एक धोका अधिक, तो कीटकनाशकाचा. कपाशी, सोयाबीन व तूर यांवर जीं सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन यांसारखीं पायरेथ्रॉइड औषधें मारतात, तीं माशांस लिटरांत एकदोन मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षांश भागाच्या मापानेंही प्राणघातक ठरतात. फवारणी करून आलेल्या माणसानें केवळ हात धुऊन टाकींत हात घालूं नये. स्नान व कपडे बदलणें झाल्यावरही टाकीचें काम घरांतील दुसऱ्याकडेच द्यावें. औषधाच्या रिकाम्या डब्यांत वा पिंपांत पाणी धरूं नये. तीं कितीही धुतलीं तरी नव्हे. हवेचा पंप खोलींतील हवाच पाण्यांत सोडतो, यासाठीं त्या खोलींत डांस मारण्याचें द्रव्य जाळूं नये. एक गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे. ज्या डब्यांत धरलेल्या पाण्यानें मासा तासाभरांत उलटा होतो, त्याच डब्यांत कित्येक घरीं धान्य अथवा पिण्याचें पाणी ठेवलेलें आढळतें.

रोग

नवा मासा आणल्यावर त्याची पिशवी वीस मिनिटें टाकीच्या पाण्यावर तरंगूं द्यावी, मग दर दहा मिनिटांनीं पेलाभर टाकीचें पाणी तींत घालावें, आणि तासाभरानें मासा जाळीनें सोडावा. पिशवींतलें पाणी टाकींत ओतूं नये. शक्य तर नवे मासे तीन आठवडे निराळ्या भांड्यांत ठेवावे. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो परोपजीवी प्राण्याचा रोग. पाणी हळूहळू २८ ते ३० अंशांपर्यंत नेऊन, हवा वाढवून, दुकानीं मिळणारें औषध टेट्रासाठीं सांगितलेल्या अर्ध्या मात्रेनें द्यावें. तांबेयुक्त औषधें व मीठ टेट्रास फारसे सोसत नाहींत. निऑनचा रंग ठिकठिकाणीं जाऊन पांढुरके डाग पडले, पाठ वांकली, व मासा थव्यापासून वेगळा राहूं लागला, तर तो निऑन रोग असण्याचा संभव. त्यावर खात्रीचें औषध नाहीं. असा मासा ताबडतोब वेगळा करावा, कारण मेलेल्यास इतरांनीं टोचलें कीं रोग सर्वांत पसरतो.

विहिरींत सोडूं नका

मुलांचा उत्साह ओसरला कीं मासे विहिरींत, नाल्यांत अथवा शेततळ्यांत सोडण्याकडे कल होतो. हें दयेचें कृत्य दिसतें, परंतु तसें नाहीं. शेततळें पावसाळ्यांत भरून वाहतें व त्यांतील मासा नाल्यानें नळगंगा, ज्ञानगंगा, पूर्णेपर्यंत जाऊं शकतो. टाकीची कांच साफ ठेवणारा म्हणून आणलेला सकर मासा असाच सोडला गेला, आणि आज देशांतील अनेक नद्या-जलाशयांत तो जाळीं फाडून व देशी माशांचें अन्न खाऊन मच्छीमारांस नकोसा झाला आहे. नकोसे झालेले मासे दुकानदारास परत द्यावे अथवा दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावे.

शेवटीं एक सूचना. टाकीजवळ वही ठेवून मुलांकडून रोज उष्णता, आठवड्यास पाण्याचा सामू व टीडीएस, दिलेलें खाद्य व मेलेले मासे यांची तारीखवार नोंद करवावी. पीकपाहणी वेळेवर न केल्यास मागाहून कोणी कांहीं सांगितलें तरी उपयोग होत नाहीं, तसेंच हें. वर्षअखेर ती वही चाळली असतां कोणत्या चुकीनें कोणता मासा गेला हें मुलास स्वतःच दिसून येईल. पाणी मोजून वापरणें, खत मुरूं देणें व विषाचा डबा घरांतून दूर ठेवणें, इतकें जरी तें मूल त्यांतून शिकलें, तरी पुढें शेत त्याच्या हातीं येईल तेव्हां टाकीसाठीं धरलेल्या त्या दोन पिंपांचें चीज झालें असें होईल.